हिस्लॉप कॉलेजच्या नावामागचा माणूस: टाकळघाटची दगडी वर्तुळं उकरायला गेले, ते परत आलेच नाहीत

बारावीनंतर पोराला नागपूरला टाकायचं म्हटलं की कॉलेजांच्या यादीत एक नाव हमखास येतं, हिस्लॉप कॉलेज. ऑटोवाल्याला नुसतं नाव सांगा, तो बरोबर सिव्हिल लाइन्समध्ये नेऊन सोडतो. पण हे हिस्लॉप कोण, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात की कोणी इंग्रज पाद्री होते. हे अर्धंच बरोबर आहे. ते पाद्री होते, पण इंग्रज नव्हते, स्कॉटलंडचे होते. आणि त्यांचा जीव नागपूर शहरात गेला नाही. तो गेला टाकळघाटहून बोरीकडे जाताना, एका नाल्याच्या पुरात. ज्या बोरीला आज आपण बुटीबोरी म्हणतो, तीच ही बोरी.

त्या दिवशी ते टाकळघाटच्या शिवारात धर्मप्रचाराला गेले नव्हते. तिथल्या दगडांच्या गोल रिंगणांखाली काय पुरलंय, ते पाहायला गेले होते. ही रिंगणं म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीची, काही तर त्याहूनही जुनी थडगी आहेत, हे आज शाळेतली मुलंही सांगतात. १८६३ साली ते कोणालाच नीट माहीत नव्हतं.

गवंड्याचा मुलगा

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावात झाला. वडील गवंडीकाम करायचे आणि गावच्या चर्चमध्ये त्यांना मान होता. घरात देवाधर्माचं वातावरण, पण या मुलाला दुसराही एक नाद होता. रानात भटकायचं, किडे गोळा करायचे, दगड फोडून आत काही दिसतंय का ते पाहायचं. हा नाद पुढे आयुष्यभर सुटला नाही. एडिंबरो आणि ग्लासगो इथं शिक्षण झालं, मग धर्मशास्त्राचा अभ्यास.

१८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. सरकारी दबाव नको म्हणून शेकडो पाद्री बाहेर पडले, घरंदारं आणि पगार सोडून त्यांनी फ्री चर्च ही वेगळी संस्था उभी केली. हिस्लॉप त्यांच्या बाजूनं गेले. त्याच सुमारास एका लष्करी अधिकाऱ्यानं मध्य हिंदुस्थानात मिशन काढण्यासाठी मोठी रक्कम देणगी दिली होती. त्या कामावर जायला माणूस हवा होता. हिस्लॉप तयार झाले. लग्न नुकतंच झालेलं. पत्नी इराझ्मा यांना घेऊन ते बोटीनं निघाले आणि १८४४ च्या डिसेंबरात मुंबईला उतरले.

मुंबईहून नागपूर म्हणजे आज एका रात्रीचा प्रवास. तेव्हा रेल्वे नव्हतीच. नागपूरला पहिली गाडी आली १८६७ साली, म्हणजे हिस्लॉप गेल्यावर चार वर्षांनी. त्यामुळे घोडा आणि बैलगाडी याच्यावरच सगळा पल्ला. १८४५ च्या फेब्रुवारीत ते कामठीच्या छावणीत पोचले. वय अवघं सत्तावीस.

तेव्हाचं नागपूर भोसल्यांचं होतं. गादीवर तिसरे रघुजीराजे, आणि सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट. राज्य राजाचं, पण लगाम इंग्रजांच्या हातात, अशी तऱ्हा. हिस्लॉप यांनी आधी मराठी शिकायला घेतली. १८४६ साली नागपुरात शाळा काढली. याच शाळेचं पुढे वाढत वाढत कॉलेज झालं. पुढच्या वर्षी रॉबर्ट हंटर हे दुसरे पाद्री येऊन मिळाले. दोघांचं चांगलं जमलं, कारण हंटर यांनाही दगडांचा तसाच नाद.

धर्मांतराच्या कामात त्यांना फारसं यश आलं नाही, हे सरळ सांगायला हवं. १८४८ साली एका ब्राह्मण तरुणानं ख्रिस्ती होण्याचं ठरवलं तेव्हा दरबारानं आपला प्रजाजन म्हणून त्याला परत मागितलं आणि मोठा गदारोळ झाला. अठरा वर्षं राबूनही ख्रिस्ती झालेले लोक फार थोडे होते. शाळा मात्र चालली. लोकांना इंग्रजी शिक्षण हवं होतं, धर्म नको होता. त्या काळात इतर ठिकाणच्या मिशन शाळांतही हेच दिसायचं.

काळ्या दगडाखालची शिंपली

नागपूरच्या आसपास जो काळा दगड आहे, ज्याची गिट्टी आज सगळ्या रस्त्यांवर पडते, तो लाव्हाचा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस थरावर थर बाहेर आला आणि थंड होऊन दगड बनला. आज हे पाठ्यपुस्तकात असतं. तेव्हा हा दगड किती जुना, कसा बनला, मधले थर कसले, यावर लंडनमधल्या विद्वानांतही वाद होते.

१८५१ साली हिस्लॉप आणि हंटर नागपूरच्या पश्चिमेला टाकळीकडे फिरायला गेले असताना त्यांना दगडात शिंपल्या दिसल्या. (ही टाकळी वेगळी आणि टाकळघाट वेगळं. टाकळी आता शहरातच गेली. गल्लत करू नये.) या शिंपल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या होत्या. याचा अर्थ सोपा होता पण मोठा होता. लाव्हाचा एक थर आला, मग बराच काळ शांतता राहिली, त्यावर तळी साचली, तळ्यांत जीव वाढले, आणि नंतर पुन्हा लाव्हा येऊन सगळं गाडलं गेलं. सीताबर्डीच्या टेकडीतही असाच मधला थर त्यांनी दाखवून दिला. शहरातले लोक रोज त्या टेकडीखालून जायचे, कोणाला काय कल्पना.

मग तर दोघांनी सपाटाच लावला. शाळेला सुटी असली की बाहेर. झाडांची पानं, बिया, माशांचे खवले, किड्यांचे पंख, दगडात उमटलेलं जे मिळेल ते गोळा करायचं, कागदात बांधायचं आणि लंडनला पाठवायचं. नागपूरच्या दक्षिणेला साधारण ६० मैलांवर मांगली नावाचं गाव आहे. तिथल्या दगडातून बेडकाच्या लांबच्या भाऊबंदात बसेल अशा एका प्राण्याची कवटी मिळाली. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीची. लंडनला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचं वर्णन केलं. डायनासोर हा शब्द ज्यांनी तयार केला तेच हे ओवेन. त्यांनी त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. एका हिरव्या खनिजाला हिस्लॉपाइट नाव पडलं. नागपूरच्या तळ्यात सापडलेल्या एका बारीक जलजीवाच्या जातीला हिस्लोपिया हे नाव मिळालं. आजही जीवशास्त्राच्या पुस्तकात ते तसंच आहे.

ज्या माणसाला लोकांचा धर्म बदलता आला नाही, त्याचं नाव असं दगडात आणि तळ्यात राहून गेलं.

१८५५ साली हंटर आजारपणामुळे परत गेले. हिस्लॉप बराच काळ एकटेच मिशन ओढत राहिले.

तोवर नागपूरचं राज्य गेलं होतं. १८५३ च्या डिसेंबरात रघुजीराजे वारले, पोटी मुलगा नव्हता, आणि डलहौसीनं पुढच्याच वर्षी राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघालं. या काळातल्या हिस्लॉप यांच्या वागण्याच्या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही सांगायला हव्यात. १८५७ च्या जूनमध्ये नागपूरजवळच्या घोडदळात उठावाचा बेत शिजला, तेव्हा एका मुसलमान ओळखीच्या माणसाकडून कळलेली बातमी हिस्लॉप यांनी अधिकाऱ्यांपर्यंत पोचवली, असं त्यांच्या चरित्रात लिहिलंय. आपल्याला हे आज गोड वाटणार नाही. दुसरीकडे, नागपूरचा नवा इंग्रज कारभार किती ढिला आणि अन्यायाचा आहे, हे वर्तमानपत्रांत उघड लिहिणारेही तेच होते. आपल्याच जातभाईंच्या विरोधात लिहिल्यानं साहेबलोक त्यांच्यावर चिडून होते. पुढे १८६१ साली मध्य प्रांत हा वेगळा प्रांत झाला, त्यामागे त्यांच्या लिखाणाचाही वाटा असल्याचं चरित्रकार सांगतात.

त्यांचं आणखी एक मोठं काम गोंड समाजाविषयीचं. दौऱ्यावर असताना गोंडी शब्द उतरवून घ्यायचे, चालीरीती विचारायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. गोंडांच्या लिंगो देवाची लांबलचक कथा, जी परधान लोक गाऊन सांगतात, ती त्यांनी गोंडीतच लिहून घेतली. त्याआधी ती कोणी कागदावर आणल्याचं माहीत नाही. ऐकलेलं जसंच्या तसं उतरवण्याची त्यांची सवय, आणि दगड जिथं सापडला ती जागा लिहून ठेवण्याची सवय, या दोन्ही एकाच स्वभावातून आलेल्या दिसतात.

गवळ्यांची रिंगणं

आता दगडी वर्तुळांकडे येऊ. काटोल रोडला जुनापाणी, माहूरझरी, हिंगण्याकडे रायपूर, इकडे टाकळघाट, खापा, पारशिवनीकडे नैकुंड. नागपूर जिल्ह्यात अशी ठिकाणं इतकी आहेत की एखाद्या वावरात ही वर्तुळं असून मालकाला त्याचं विशेष काही वाटत नाही. मोठमोठे गोटे गोल मांडलेले. कुठे दहा मीटर रुंद, कुठे वीस मीटर. मधे बारीक दगड आणि माती भरलेली, त्यामुळे मधला भाग थोडा उंचवटा. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं मोजली गेली. अभ्यासक त्यांना शिळावर्तुळं म्हणतात.

हिस्लॉप फिरतीवर असताना ही वर्तुळं त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. नैसर्गिक दगड कसा पडतो आणि माणसानं मांडलेला कसा दिसतो, हे त्यांना पक्कं कळायचं. गावातल्या लोकांना विचारलं तर ते सांगायचे की ही गवळी लोकांची आहेत. फार पूर्वी गुरं घेऊन फिरणारे गवळी इथं राहायचे, त्यांच्या तळांची ही रिंगणं. गवळी राजांच्या गोष्टी आपल्याकडे म्हातारे लोक आजही सांगतात.

साहेबलोकांनी ते फार मनावर घेतलं नाही. त्यांच्याकडे वेगळा सिद्धांत होता. आयर्लंडमध्ये, फ्रान्समध्ये, रशियाच्या मैदानात अशीच दगडांची आणि मातीच्या ढिगांची थडगी आहेत. त्यांत घोडे पुरलेले सापडतात. मग मध्य आशियातले घोडेस्वार सिथियन लोकच इकडे आले असतील आणि त्यांनीच ही थडगी बांधली असतील, असं तेव्हाच्या विद्वानांचं मत होतं. हिस्लॉपही त्याच मताचे. तिकडे दक्षिणेत शोरापूर संस्थानात मेडोज टेलर या अधिकाऱ्यानंही थोडंफार असंच अनुमान काढलं होतं. हेच टेलर काही वर्षं आपल्या नळदुर्गला कलेक्टरसारख्या हुद्द्यावर होते.

अनुमान चुकलं, पण त्यांनी एक गोष्ट बरोबर केली. नुसतं अनुमान करून ते थांबले नाहीत, वर्तुळ उघडून पाहायचं ठरवलं. तोपर्यंत अशा जागा उकरणारे बहुतेक जण गुप्तधनाच्या आशेनं उकरायचे. गाडगी-मडकी निघाली की फोडून टाकायची, लोखंड गंजलेलं म्हणून फेकून द्यायचं. सोनं नाही म्हणजे काहीच नाही. हिस्लॉप यांना ते गंजलेलं लोखंडच हवं होतं.

४ सप्टेंबर १८६३

त्या वर्षी मध्य प्रांताचा कारभार हंगामी चीफ कमिशनर म्हणून रिचर्ड टेम्पल यांच्याकडे होता. हाच अधिकारी पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. टेम्पल यांना प्रांतातली प्रत्येक गोष्ट स्वतः पाहायची हौस होती, आणि हिस्लॉप यांच्या माहितीवर त्यांचा भरवसा होता. टाकळघाटची वर्तुळं पाहायची म्हणून दोघांचा बेत ठरला. मुक्काम बोरीला.

सप्टेंबर म्हणजे ऐन पावसाळ्याचा शेवट. उकरायला हे दिवस काही बरोबर नव्हेत, हे कोणीही शेतकरी सांगेल. काळी माती ओली, चिकट, पाय रुतणारी. पण टेम्पल यांचा दौरा तेव्हाच होता.

दिवसभर वर्तुळांपाशी काम झालं. संध्याकाळ होत आली तसे टेम्पल आणि इतर मंडळी घोड्यावरून बोरीला परत निघाली. हिस्लॉप मागे थांबले. टाकळघाटला गावची शाळा होती, तिथल्या मुलांची परीक्षा त्यांना घ्यायची होती. शाळा तपासणं हा त्यांचा नेमच होता, मग दिवसभर कितीही दमणूक झालेली असो. मुलांची परीक्षा झाली, आणि अंधार पडायच्या सुमारास ते एकटेच घोड्यावर बसून बोरीच्या वाटेला लागले.

वाटेत एक नाला होता. सकाळी येताना त्यानं काही त्रास दिला नव्हता. पण आपल्याकडचे नाले कसे असतात ते सांगायला नको. इथं एक थेंब पडलेला नसतो आणि वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचं पाणी तासाभरात येऊन पोचतं. नाही तर पुढची नदी फुगली की तिचं पाणी उलटं नाल्यात शिरतं. वरून संथ दिसतं, आत माणूस बुडेल एवढं खोल. दरवर्षी पावसाळ्यात आपल्या तालुक्यात मोटरसायकलसकट माणसं वाहून जातात, ती अशाच फसव्या पाण्यात. अंधारात हिस्लॉप यांनी घोडा पाण्यात घातला.

बोरीच्या मुक्कामावर घोडा आला तो एकटाच. खोगीर रिकामं, अंग भिजलेलं. ते पाहूनच काय झालं असेल ते सगळ्यांच्या लक्षात आलं. टेम्पल यांनी लगेच माणसं घेऊन मशालीच्या उजेडात शोध घेतला. देह सापडला. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीसावं वर्ष संपायचं होतं.

नागपुरात त्यांना मूठमाती देण्यात आली. पत्नी इराझ्मा आणि मुलं मागे राहिली. पाद्र्याच्या पगारात साठवलेलं असं काय असणार.

कागद आणि मडकी

हिस्लॉप यांच्या टेबलावर गोंड लोकांविषयीचे कागद तसेच पडून होते. काही अर्धवट, काही नुसत्या टिपणांच्या अवस्थेत. लिंगोची कथा गोंडीत उतरवलेली होती. टेम्पल यांनी ते सगळं गोळा करून, नीट लावून १८६६ साली पुस्तकाच्या रूपात छापलं. गोंडी भाषेच्या आणि गोंड समाजाच्या अभ्यासाला आजही त्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते. टेम्पल यांनी ते काम केलं नसतं तर कागद वाळवीनं खाल्ले असते. त्या दिवशी आपण पुढे निघून आलो आणि तो माणूस मागे राहिला, याची बोचणी त्यांना असेल का, ते कोण जाणे.

वर्तुळांचं काम थांबलं नाही. १८६७ साली कामठीच्या छावणीतल्या मेजर पिअर्स यांनी वारेगावजवळचं थडगं उघडलं. रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्यानं जुनापाणीची वर्तुळं उकरून १८७९ साली त्यावर सविस्तर लेख लिहिला. काही दगडांवर वाटीसारखे गोल खळगे मुद्दाम कोरलेले आहेत, हे त्यानंच पहिल्यांदा लक्षात आणून दिलं. या खोदकामांत निघालेल्या काही वस्तू थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. आपल्या वावरातली कुऱ्हाड तिकडे काचेच्या पेटीत, हे विचित्र वाटतं खरं. पण इथं राहिली असती तर भंगारात गेली नसती, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

टाकळघाटचा खरा उलगडा व्हायला मात्र शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापक शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि शेजारच्या खापा इथं शास्त्रशुद्ध खोदकाम केलं. हिस्लॉप यांच्या काळात नुसती थडगीच पाहिली जायची. देव यांनी दोन्ही पाहिलं. टाकळघाटच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, जिवंत माणसांच्या राहण्याच्या खुणा मिळाल्या, आणि खाप्याच्या वर्तुळांत मेलेल्यांच्या. दोन्हीकडे भांडी एकाच तऱ्हेची. म्हणजे ज्यांची वस्ती त्यांचीच ही थडगी.

काय निघालं? लोखंडाच्या कुऱ्हाडी, त्यांना दांड्याला आवळायच्या लोखंडी पट्ट्यांसकट. भाल्याची टोकं, छिन्न्या. घोड्याच्या तोंडात घालायची लोखंडी कडी. तांब्याची भांडी, आणि त्यांची झाकणं, झाकणावर पक्षी आणि कळी. लाल अकीकाचे मणी. आणि मडकी, आतून काळी आणि बाहेरून तांबडी. कुंभाराला हे कळेल. मडकं भट्टीत उपडं ठेवलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, ती काळी राहते, आणि बाहेरची बाजू भाजून तांबडी होते. काळ ठरवला गेला तो साधारण इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा. विदर्भातली काही ठिकाणं याहूनही जुनी निघाली.

पुढे माहूरझरीला तर घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले, आणि घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा. मालकाबरोबर त्याचा घोडाही बळी देऊन पुरलेला. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे या कुऱ्हाडी बाहेरून आलेल्या नव्हत्या, लोखंड इथल्याच मातीतून काढून इथंच घडवलेलं होतं. आज आपल्याकडे लोहाराची भट्टी शोधावी लागते, तेव्हा पारशिवनी भागात ती पेटत होती.

सिथियनांचं काय झालं? ज्यांना आपण शक म्हणतो ते लोक हिंदुस्थानात आले ते इसवी सनाच्या थोडं आधी. ही थडगी त्याच्या कितीतरी शतकं आधीची. त्यामुळे हिस्लॉप यांचा सिद्धांत टिकला नाही. ही माणसं इथलीच होती. शेती करायची, गुरं पाळायची, घोडे बाळगायची, लोखंड गाळायची. गुराढोरांवर त्यांची मोठी भिस्त होती. आणि खेड्यातली माणसं काय सांगत होती? गुरं घेऊन फिरणाऱ्या गवळी लोकांची रिंगणं. ती राहण्याची रिंगणं नव्हती, थडगी होती, एवढाच फरक. बाकी साहेबांच्या पुस्तकांपेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सत्याच्या जास्त जवळ निघाल्या.

हिस्लॉप यांच्या शाळेला १८८३ साली कॉलेजचा दर्जा मिळाला तेव्हा तिला त्यांचं नाव देण्यात आलं. विदर्भातल्या पहिल्या काही कॉलेजांत ते मोडतं. त्यातून निघालेली माणसं वकील झाली, मास्तर झाली, पुढारी झाली.

टाकळघाट आता पूर्वीसारखं आडबाजूचं गाव राहिलेलं नाही. बुटीबोरीची एमआयडीसी आली, रस्ते रुंद झाले, नाल्यांवर पूल झाले, जमिनीचे भाव चढले. जिल्ह्यातली कित्येक वर्तुळं मात्र नांगराखाली गेली, कित्येकांचे गोटे धुऱ्यावर नाही तर घराच्या पायव्यात गेले. गोटे हलले की वर्तुळ ओळखू येत नाही, पण मधल्या भरावाखालचं बऱ्याचदा तसंच राहिलेलं असतं. वावरात गोल मांडलेले मोठे दगड, मधे उंचवटा, नांगराला लागणारी काळी-तांबडी खापरं किंवा गंजलेल्या लोखंडाचे तुकडे, असं काही दिसलं तर तिथं ट्रॅक्टर घालण्याआधी तलाठ्याला किंवा नागपूरच्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयाला कळवता येतं. सोनं निघत नाही तिथं, हे हिस्लॉप यांच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या उकरणाऱ्यांना एव्हाना कळून चुकलंय.